वजन वाढले, पण कशाचे?

आमच्या वस्तीत विहाराच्या मागे एक पत्र्याची शेड आहे. दोन बार, थोड्या प्लेटा, एक बाक आणि तडा गेलेला आरसा, एवढ्यावर तिथली व्यायामशाळा चालते. शेजारी अभ्यासिका. पोलीस भरतीची तयारी करणारी मुले-मुली सकाळी मैदानावर, दुपारी अभ्यासिकेत आणि संध्याकाळी शेडमध्ये असतात. रविवारी सकाळी आम्ही तिथे रक्तदाब तपासायला बसतो. या वेळी आरोग्याच्या पानावर त्या शेडमधलाच विषय घेतला आहे. खाणे तोडून वजन उतरवले, आता ताकदीसाठी पुन्हा वाढवायचे आहे, तर काय करायचे? जिममध्ये पहिल्याला 'कटिंग' म्हणतात, दुसऱ्याला 'बल्किंग'. शब्द घराघरात पोहोचले आहेत. त्यामागची रीत मात्र अजून पोहोचलेली नाही.

विषय डोक्यात आला तो एका बाटलीमुळे. बावीस वर्षांचा मुलगा, आई चार घरची धुणीभांडी करते. त्याने प्लास्टिकच्या पिशवीतून इंजेक्शनची बाटली काढली आणि म्हणाला, "ताई, एवढे एक मारून द्या ना. मित्राला नीट जमत नाही." बाटलीवर मेफेंटरमाइन लिहिलेले. हे औषध आम्ही ऑपरेशन थिएटरमध्ये पाहिले आहे. भूल दिल्यावर रुग्णाचा रक्तदाब खाली गेला तर तो वर आणण्यासाठी डॉक्टर ते देतात. पोरे ते घेतात ते व्यायामाला 'किक' बसावी म्हणून. आम्ही बाटली बाजूला ठेवली आणि आधी त्याचा रक्तदाब पाहिला. 150/96. बावीसाव्या वर्षी.

मग बसवून सगळे विचारले. भरतीच्या मैदानी चाचणीचे गुण 50. त्यात 1600 मीटर धावण्याला 20, शंभर मीटरला 15 आणि गोळाफेकीला 15. धावण्यात गुण मिळावेत म्हणून त्याने चार महिन्यांत वजन 78 वरून 66 किलोवर आणले होते. एक वेळ जेवण, बाकी चहा. धावायची वेळ सुधारली, पण 7.260 किलोचा गोळा पूर्वी जिथे पडायचा त्याच्याही अलीकडे पडू लागला. कुणीतरी सांगितले, आता बल्क कर, दिसेल ते खा. सात आठवड्यांत 74. मुलगा खूश. आईने बचत गटातून पैसे उचलून पावडरचा डबा आणून दिला होता.

आम्ही शिंप्याचा टेप घेतला. 66 किलोला असताना बेंबीवर कमर 79 सेंटिमीटर होती, हे त्याला आठवत होते, कारण नवी पँट शिवली होती. आता भरली 88. आणि बैठका? बार खांद्यावर घेऊन आधी 60 किलो, आता साडेबासष्ट. म्हणजे आठ किलो वजन वाढले आणि पायात अडीच किलोची भर पडली. बाकीचे पोटावर बसले होते. त्याला हे कळले नव्हते, कारण तो फक्त वजनकाट्यावर उभा राहत होता.

चूक आमचीही आहे. खाणे तोडले होते तेव्हा हाच मुलगा दोनदा आमच्यासमोरून गेला. 'बारीक झालास, चांगले आहे' एवढेच आम्ही म्हणालो. बॉडी करणे हे पोरांचे खूळ, असे आमच्या डोक्यात होते. आमचा सगळा जन्म कुपोषण, क्षय आणि बाळंतपणात गेला. तरुण पोराच्या ताटात काय चालले आहे, हे विचारण्याची सवयच नव्हती.

खाणे तोडल्यावर शरीरात काय होते

शरीराला भरती कळत नाही. त्याला एवढेच कळते की अन्न कमी झाले. मग ते खर्च आवरते. माणूस नकळत कमी हालतो, थंडी जास्त वाजते, डोक्यात सतत खाण्याचे विचार येतात. भूक लावणारे संप्रेरक वाढते, पोट भरल्याचा निरोप देणारे कमी होते. ही अवस्था खाणे सुरू केल्याच्या दुसऱ्या दिवशी संपत नाही.

याचा सर्वांत मोठा अभ्यास दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात झाला. अॅन्सेल कीज यांनी 36 निरोगी तरुणांना, त्यांच्या संमतीने, चोवीस आठवडे अर्धपोटी ठेवले. त्यांचे वजन साधारण चौथा हिस्सा उतरले. खाणे मोकळे झाल्यावर त्यांनी प्रचंड खाल्ले आणि चरबी आधी परत आली, स्नायू मागून. आपली पोरे इतकी उपाशी राहत नाहीत, पण दिशा तीच. कटिंगनंतरचे पहिले काही आठवडे सर्वांत भुकेचे आणि म्हणून सर्वांत धोक्याचे.

दुसरी फसगत पाण्याची. स्नायूत साठवलेली साखर कटिंगमध्ये आटते. भाकरी-भात पुन्हा पोटभर सुरू झाला की ती भरते, आणि एक ग्रॅम साखरेबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी येते. म्हणून पहिल्या आठ-दहा दिवसांत किलो-दीड किलो सहज वाढते. ते मांसही नव्हे, चरबीही नव्हे. डबा विकणारा नेमके तेच दाखवून म्हणतो, बघा, आठ दिवसांत फरक!

शंभर पानी वही

आता दुसरी गोष्ट सांगतो. त्याच शेडमधली मुलगी, वय एकवीस. तिनेही 800 मीटरसाठी वजन 58 वरून 50 वर आणले होते. तिच्याकडे आम्ही वेळेत पोहोचलो, तेही एका वेगळ्या कारणाने. तिची पाळी तीन महिने आली नव्हती. आई घाबरून आमच्याकडे आली. आईला काय भीती वाटत होती ते बायकांना सांगायला नको. डॉक्टरांनी तपासण्या केल्या, बाकी सारे ठीक निघाले. अन्न कमी आणि धावणे जास्त झाले की शरीर पाळी थांबवते. हाडांनाही त्याचा फटका बसतो. म्हणून मुलींनो, कटिंगमध्ये पाळी चुकली तर तो बारीक होण्याचा 'इफेक्ट' समजू नका. थांबा आणि डॉक्टरांना दाखवा.

तिला आम्ही शाळेची शंभर पानी वही घ्यायला सांगितली. डाव्या पानावर खाणे, उजव्या पानावर व्यायाम, आणि वरच्या ओळीत वजन.

वजन आठवड्यातून तीनदा, सकाळी शौचाला जाऊन आल्यावर, चहाच्या आधी, एकाच काट्यावर. सार्वजनिक शौचालयाची रांग मोठी असेल आणि जाणे झाले नसेल तर त्या दिवशी वजन करू नका, वहीत रेघ मारा. तिचा एक आठवडा असा होता: सोमवारी 50.2, बुधवारी 50.9, शुक्रवारी 50.4. बुधवारचा आकडा पाहून ती हरखली होती, शुक्रवारचा पाहून हिरमुसली. आम्ही म्हटले, तिन्हींची बेरीज कर आणि तीनने भाग. 50.5. पुढच्या आठवड्याची सरासरी आली 50.7. म्हणजे दोनशे ग्रॅमची वाढ. खरा आकडा हा. एका दिवसाचे वजन म्हणजे काल खाल्लेले मीठ, प्यालेले पाणी आणि पोटातले अन्न. पाळीच्या आधी तर अर्धा-एक किलो पाणीच चढते, म्हणून मुलींनी या आठवड्याची तुलना मागच्या महिन्यातल्या त्याच आठवड्याशी करावी.

किती वाढावे? आठवड्याला शरीराच्या वजनाच्या पाव ते अर्धा टक्का. पन्नास किलोच्या मुलीला सव्वाशे ते अडीचशे ग्रॅम, सत्तर किलोच्या मुलाला पावणेदोनशे ते साडेतीनशे. ऐकून पोरे नाराज होतात. महिन्याला किलोभरच? हो, किलोभरच. स्नायू त्याहून वेगाने बनत नाही. वरचे जे येते ती चरबी असते, आणि ती उतरवायला पुन्हा तीच उपासमार.

कमर दोन आठवड्यांतून एकदा. टेप बेंबीवरून, श्वास सोडून, पोट आत न ओढता. वजन किलोने वाढले आणि कमर जिथल्या तिथे किंवा अर्धा सेंटिमीटर पुढे, तर काम बरोबर चालले आहे. महिन्यात दोन सेंटिमीटरच्या वर गेली तर खाणे थोडे आवरा. आपल्या लोकांत पुरुषाची कमर 90 आणि बाईची 80 सेंटिमीटरच्या पुढे गेली की साखर आणि रक्तदाबाचा धोका वाढतो, हा आकडा घरातल्या थोरांनीही लक्षात ठेवावा.

आणि उजवे पान. आमच्या मते सगळ्यांत महत्त्वाचे हेच, कारण इथे लबाडी चालत नाही. कोणता व्यायाम, किती किलो, किती वेळा. ती आठवड्यातून तीन दिवस करायची: बार घेऊन बैठका, जमिनीवरून बार उचलणे, बाकावर झोपून ढकलणे, वाकून ओढणे, डोक्यावर ढकलणे. प्रत्येकाचे तीन सेट. पहिल्या दिवसाची नोंद: बैठका 25 किलो, 10, 9, 8. नियम एकच. तिन्ही सेटमध्ये बारा बैठका नीट होईपर्यंत वजन वाढवायचे नाही, झाल्या की पुढच्या वेळी अडीच किलो जास्त. शेवटच्या दोन-तीन जड जाव्यात, पण पाठ वाकता कामा नये. शेड नसेल त्यांनी पाण्याचा वीस लिटरचा जार छातीशी धरून बैठका काढाव्यात, जार भरलेला असला की वीस किलो होतात. दप्तरात वाळूच्या पिशव्या भरून जोर काढले तरी चालते. वाळू मोजून भरा आणि लिहा.

तीन आठवडे वजन वाढते आहे आणि उजव्या पानावरचे आकडे हलत नाहीत, तर समजा की अन्न स्नायूला लागत नाही. बहुतेक वेळा कारण झोप असते. एका खोलीत सहा माणसे, टीव्ही बारापर्यंत, आणि मैदानावर पाचला जायचे. या मुलीने अभ्यासिकेच्या चावीवाल्या काकांना विचारून दुपारी एक तास तिथे सतरंजीवर झोपायला सुरुवात केली. वहीत त्या महिन्यापासून आकडे हलले.

धावणे पूर्ण बंद करू नका. आठवड्यातून दोनदा पळत राहिलात तर दम टिकतो.

ताटात काय वाढवायचे

जेवढ्यात वजन स्थिर राहते त्याच्या वर रोज अडीचशे ते तीनशे कॅलरी. बस. त्याला 'दिसेल ते' लागत नाही. मूठभर, म्हणजे तीस ग्रॅम शेंगदाणे आणि एक केळे, एवढ्यात ते भरते. किंवा पन्नास ग्रॅम पिठाची एक भाकरी आणि दोन उकडलेली अंडी. दोन आठवडे सरासरी हलली नाही तर अर्धी भाकरी आणखी. जास्त वेगाने चढली तर शेंगदाणे निम्मे. एका वेळी एकच बदल करा आणि तो वहीत लिहा. चार गोष्टी एकदम बदलल्या की कशाने काय झाले ते कळत नाही.

प्रथिने दर किलोमागे दीड ग्रॅमच्या थोडी वर, म्हणजे 1.6 ग्रॅम धरा. पन्नास किलोला ऐंशी ग्रॅम. पावडरशिवाय हे होते का? तिच्या वहीतला दिवस मांडतो. दोन अंडी 12 ग्रॅम. चाळीस ग्रॅम सोयाबीन वड्या, भिजवण्याआधी तोललेल्या, 20. पन्नास ग्रॅम तूरडाळ 11. चाळीस ग्रॅम हरभरे किंवा फुटाणे 8. शेंगदाणे तीस ग्रॅम, 7. आणि दिवसभराच्या भाकरी-चपाती-भाताचे अडीचशे ग्रॅम धान्य, त्यातून 23. झाले 81. धान्यातही प्रथिने असतात हे जिममधले सांगत नाहीत. रविवारी मटण, कोंबडी किंवा मासळी असेल तर वड्यांना सुट्टी. कोंबडीचे काळीज स्वस्त पडते, त्यात लोहही भरपूर. सुका जवळा आणि बोंबील उत्तम, फक्त रक्तदाब असलेल्यांनी मीठ सांभाळावे. वड्या गरम पाण्यात भिजवून दोनदा पिळल्या की वास जातो. आमच्याकडे खिम्यासारख्या करतात.

तोलायला काटा नसेल तर पहिल्या दिवशी किराणा दुकानदाराकडून पन्नास ग्रॅम डाळ तोलून आणा आणि आपल्याच घरातल्या वाटीत ती कुठपर्यंत येते ते पाहून ठेवा. पुढे वाटीने मोजा.

मास गेनरचा डबा हातात आला तर चित्र पाहू नका, मागचे लेबल वाचा. बहुतेक डब्यांत निम्म्याहून जास्त कार्बोदके असतात, म्हणजे पिठूळ साखरच. फुटाण्याचे पीठ, दूध आणि गूळ घुसळले की तेच काम होते. मूत्रपिंडाचा आजार, मधुमेह किंवा रक्तदाब असेल त्यांनी मात्र प्रथिने वाढवण्याआधी डॉक्टरांना विचारावे.

आता घरातली एक गोष्ट. या मुलीच्या डाव्या पानावर गुरुवारच्या रकान्यात अंड्यांपुढे शून्य दिसायचे. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा. विचारले तर म्हणाली, गुरुवारी भाऊ डबा घेऊन कामाला जातो, उरत नाहीत. आईला आम्ही वही दाखवली. आई लिहायला-वाचायला फार येत नाही, पण शून्य ओळखते. काही बोलली नाही. पुढच्या गुरुवारी वहीत 2 आले. आम्ही आईलाच विचारले, तुमचे कुठे आहे? ती हसली. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या 2019-21 च्या फेरीत महाराष्ट्रातल्या निम्म्याहून जास्त बायका रक्तक्षयी निघाल्या. पोराच्या बल्किंगसाठी आईच्या ताटातले कमी होत असेल, तर ते पोराने स्वतः पाहावे. आईचे वजन आणि तिचे एक अंडे वहीच्या शेवटच्या पानावर लिहायला काय जाते?

पाच महिन्यांनी मुलीची सरासरी 54.3 झाली. कमर 68 ची 70. बैठका 45 किलो. तिसऱ्या महिन्यात पाळी परत आली, तीही तारीख वहीत आहे. चार किलोचा गोळा आता कुठे पडतो ते ती स्वतः पावलांनी मोजते आणि आम्हाला ओरडून सांगते.

मुलाचे काम अवघड होते. त्याला पुन्हा खाणे तोडायचे होते, आम्ही तोडू दिले नाही. वड्या-डाळ वाढवली, वडापाव आणि डबा बंद, खाणे वजन स्थिर राहील एवढे, आणि बार मन लावून. चार महिन्यांनी वजन 73, कमर 84, बैठका 85 किलो. रक्तदाब आता 128/82. त्या बाटलीतले त्याने तोवर तीनदा घेतले होते, हे त्याने फार उशिरा कबूल केले.

म्हणून इंजेक्शनबद्दल स्पष्ट सांगतो. मेफेंटरमाइनने रक्तदाब आणि हृदयाचे ठोके चढतात, सवय लागते, झोप उडते, डोके बिथरू शकते. स्टेरॉइडने स्नायू फुगतात खरे, पण शरीर स्वतःचे पुरुषी संप्रेरक बनवणे थांबवते, अंडकोष आकसतात, छातीला गाठ येते, मूल होण्यात अडचण येते. गोळ्यांनी यकृत बिघडते. आणि एकच सुई तिघांत फिरली तर एचआयव्ही, कावीळ ब आणि कावीळ क. कुणी घेतले असेल तर त्याला घरातून हाकलू नका, ओरडूही नका. सरकारी रुग्णालयातल्या एकात्मिक समुपदेशन व चाचणी केंद्रात एचआयव्हीची तपासणी मोफत होते आणि नाव गुप्त राहते. 1097 हा मोफत क्रमांक आहे. कावीळ ब ची लस मोठ्या माणसांनाही घेता येते, तीन डोस, दुसरा एक महिन्याने आणि तिसरा सहा महिन्यांनी. मुलाची तपासणी झाली, काही निघाले नाही. मित्राची अजून बाकी आहे. तो येतो म्हणतो आणि येत नाही.

रविवारी सकाळी आठ ते दहा आम्ही शेडमध्ये असतो. टेप आमच्याकडे आहे, काटाही आहे. वही तेवढी आपली आणा.